काचेच्या आत डोकावायचं आहे: द्रव कोणता घ्यावा आणि अपवर्तनांक किती जुळवावा?

भिंगरी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे काचेची एक चकती आहे. व्यास १५० मिमी, जाडी २५ मिमी. दोन्ही तोंडं नुसती घासलेली, पॉलिश अजिबात नाही. तिच्यापासून दुर्बिणीचं वस्तुभिंग (पुढचं मोठं भिंग) घडवायचं आहे. कित्येक महिने घासल्यावर आतून शीर किंवा ताण निघाला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, म्हणून हात घालण्याआधीच काच तपासायची आहे. पण चकती दुधाळ आहे, आरपार काही दिसत नाही.

काचेइतक्याच अपवर्तनांकाच्या (म्हणजे प्रकाश तितकाच वाकवणाऱ्या) द्रवात बुडवली की पृष्ठभाग जणू नाहीसा होतो आणि आतलं दिसू लागतं, असं वाचलं आहे. माझी काच क्राऊन (कमी अपवर्तनांकाची, भिंगांची नेहमीची काच) आहे, म्हणजे १.५१७ च्या आसपास असावी. प्रश्न दोन आहेत. द्रव कोणता घेऊ? आणि जुळणी दशांशाच्या कितव्या स्थळापर्यंत हवी?

टिंबटिंब

ग्लिसरीन. स्वस्त, बिनविषारी, पाण्याने धुतलं जातं.

पाटीपेन्सिल

टिंबटिंब, ग्लिसरीन १.४७३ आणि ही काच १.५१७. फरक ०.०४४ चा, तो लहान नाही. मी वर्गात बोरोसिलिकेटची नळी ग्लिसरीनमध्ये बुडवून दाखवते. तिचा अपवर्तनांक १.४७४, त्यामुळे ती खरोखर दिसेनाशी होते आणि मुलं चिमट्याने चाचपडत शोधतात. त्याच भांड्यात साध्या काचेची कांडी सोडली तर तिची कड मागच्या बाकावरूनही दिसते.

टिंबटिंब

पण आरपार दिसतं ना? तिला आतलंच बघायचं आहे.

ध्रुवतारा

तुम्हा दोघांचंही बरोबर आहे. काय शोधायचं आहे ते आधी ठरवा, म्हणजे द्रव आपोआप ठरतो.

भिंगरीताई, दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या आहेत तुम्हाला. पहिली म्हणजे ताण. काच घडवल्यावर पुरेशी सावकाश थंड झाली नसेल तर आत ताण राहतो आणि एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरॉइडमधून (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्यांमधून) तो उजळ पट्ट्यांसारखा दिसतो. इथे द्रवाचं काम एवढंच, की खरखरीत तोंडावर प्रकाश विखुरू नये. त्यासाठी ग्लिसरीन भरपूर झालं. साधं पाणी लावलं तरी दुधाळपणा बराच कमी होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शिरा, आणि खरी कसोटी तिथेच आहे. शीर म्हणजे काचेतला असा धागा, की जिथे अपवर्तनांक आजूबाजूपेक्षा किंचित वेगळा असतो. समजा तो फरक ०.००००१ आहे आणि शीर चकतीच्या पूर्ण जाडीतून गेली आहे. ०.००००१ गुणिले २५ मिमी म्हणजे २५० नॅनोमीटरचा मार्गफरक, शिरेतून गेलेला प्रकाश बाजूच्या प्रकाशापेक्षा तेवढा मागेपुढे होतो. आता पृष्ठभाग बघा. घासलेल्या तोंडावर ५ मायक्रॉनचे खड्डे आहेत असं धरा. हवेत फरक ०.५१७, म्हणजे प्रत्येक खड्डा २६०० नॅनोमीटरची गडबड करतो. ग्लिसरीनमध्ये ०.०४४ गुणिले ५ मायक्रॉन, म्हणजे २२० नॅनोमीटर. शिरेइतकीच गडबड पृष्ठभागाची झाली! द्रव ०.००२ पर्यंत जुळवला तर उरतात १० नॅनोमीटर, आणि मग शीर स्वच्छ दिसते.

तेव्हा ताणासाठी दुसरं स्थळही पुरे. शिरांसाठी तिसऱ्या स्थळापर्यंत जा. चौथ्याच्या मागे लागण्याची गरज नाही.

भिंगरी

ध्रुवतारादादा, असा गुणाकार करून बघायचं सुचलंच नव्हतं. आता कळलं की नुसतं 'जुळवा' या सांगण्यात अर्थ का नव्हता. म्हणजे आता १५० मिमीची चकती मावेल अशी टाकी आणि ती भरेल एवढा १.५१७ चा द्रव हवा?

तिरीप

टाकी नको! शिरांसाठी तर नकोच. मी व्यतिकरणमापकावर (प्रकाशलहरींनी सूक्ष्म फरक मोजणाऱ्या यंत्रावर) काम करते, टाकीचा अनुभव घेऊन झाला आहे.

सेंद्रिय द्रवांचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०००४ ने घसरतो. काचेचा त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाच हलतो. टाकीत चकतीच्या मागेपुढे मिळून ५० मिमी द्रव आहे आणि एका बाजूला तो ०.१ अंशाने गरम आहे असं समजा. ०.००००४ गुणिले ५० मिमी म्हणजे २ मायक्रॉन. ज्या शिरेसाठी एवढा खटाटोप केला ती २५० नॅनोमीटरची, आणि द्रवातले गरम-थंड झोत तिच्या आठपट. भांड्याला हात टेकवला तरी तळव्याच्या उबेने धूर चढावा तशा लाटा वर चढतात आणि त्या हुबेहूब शिरांसारख्या दिसतात.

त्यापेक्षा पॉलिश केलेल्या दोन सपाट काचा घ्या. चकतीच्या दोन्ही तोंडांवर द्रवाचे थेंब टाकून त्या चिकटवा. मधला थर २० मायक्रॉनचा राहतो. त्याच ०.१ अंशाला तिथे फक्त ०.८ नॅनोमीटर फरक पडतो. द्रवाची निवड जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची जाडी.

ध्रुवतारा

तिरीपताई, शिरांच्या बाबतीत मान्य. पण चकतीचं तोंड सपाट नसेल तर? साच्यातून आलेल्या काचेला मिलिमीटरभर पोक असतो, तिथे वरची काच बसतच नाही. अशा वेळी मी टाकीच वापरतो. झोत आणि शीर ओळखायची युक्ती सोपी आहे. चकती हळूच फिरवायची. शीर काचेबरोबर फिरते, झोत जागेवर राहतात किंवा आपल्या मनाने वर सरकतात. आणि टाकी भरल्यावर लगेच बघायचं नाही, रात्रभर तशीच ठेवायची.

तिरीप

फिरवायची युक्ती चांगली आहे. पोक असेल तर टाकी, हेही मान्य. फक्त पोक असला की जुळणी आणखी काटेकोर लागते. तोंड ०.१ मिमीने वाकडं असेल तर ०.०४४ च्या फरकाने ४.४ मायक्रॉनची वक्रता दिसेल, म्हणजे चकती स्वतःच भिंगासारखी वागेल.

कवडसा

नवीन आहे, पहिलाच प्रतिसाद. टाकी ॲक्रिलिकची चालेल का? वजनाला हलकी पडते.

अर्क

दोन कारणांनी नको. एक, ॲक्रिलिकमध्ये स्वतःचाच ताण असतो. पोलरॉइडमध्ये टाकीच्याच रंगीत पट्ट्या दिसतील आणि त्या काचेच्या समजल्या जातील. टाकी कसलीही असो, आधी रिकामी तपासून घ्यावी. दोन, काच जुळवायला जे द्रव लागतात त्यातले बरेच ॲक्रिलिकला खातात. माझ्या ओळखीत एकाने बेंझाइल अल्कोहोल भरलं होतं. सकाळी टाकीच्या भिंतींना तडे आणि मेजावर तळं.

आता द्रवांबद्दल. सगळे आकडे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशातले आणि २० अंशांचे. पाणी १.३३३, आयसोप्रोपाइल अल्कोहोल १.३७७. १.४७ च्या आसपास गर्दी आहे: ग्लिसरीन, टर्पेंटाइन, लिक्विड पॅराफिन, थोडं वर एरंडेल १.४७८. क्वार्ट्झ वितळवून केलेल्या सिलिका काचेला (१.४५८५) ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी घालून बरोबर जुळवता येतं, ते मला फार आवडतं. १.५१५ ला डायमिथाइल थॅलेट, तुमच्या क्राऊनच्या अगदी शेजारी. पुढे मिथाइल सॅलिसिलेट १.५३७, बेंझाइल अल्कोहोल १.५४०, बेंझाइल बेंझोएट १.५६८. फ्लिंटसाठी (जास्त अपवर्तनांकाच्या काचेसाठी) १.६५८ चं ब्रोमोनॅफ्थलीन. त्याच्याही वर डायआयोडोमिथेन, १.७४.

जुन्या पुस्तकांत बेंझीन (१.५०१) आणि कार्बन डायसल्फाइड (१.६२८) हमखास सापडतात. दोन्ही विसरा. बेंझीनने कर्करोग होतो, आणि कार्बन डायसल्फाइडची वाफ साधारण ९० अंशांच्या गरम पृष्ठभागावर ठिणगीशिवाय पेटते. मिथाइल सॅलिसिलेटला छान वास येतो म्हणून ते निरुपद्रवी वाटतं, पण लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी जिवावर बेतू शकतं. कुलपात ठेवा.

टिंबटिंब

माझ्या ग्लिसरीनला शेवटी सिलिका सापडली म्हणायची. जोडा छान जमला.

गारगोटी

धागा उशिरा दिसला. खनिजं ओळखायला आम्ही हेच द्रव वापरतो, म्हणून थोडी भर घालतो.

नेमका १.५१७ चा द्रव शोधण्यापेक्षा दोन द्रव मिसळा. लिक्विड पॅराफिन (१.४७५ धरू) आणि ब्रोमोनॅफ्थलीन (१.६५८) एकमेकांत सहज मिसळतात. आकारमानाच्या प्रमाणात अपवर्तनांक जवळजवळ सरळ रेषेत बदलतो. हवे ०.०४२, एकूण अंतर ०.१८३. म्हणजे ब्रोमोनॅफ्थलीन साधारण २३ टक्के. या जोडीचा मोठा गुण म्हणजे दोन्ही फार हळू उडतात, त्यामुळे बाटलीतला आकडा टिकतो. एक द्रव पटकन उडणारा घेतलात तर सकाळचं मिश्रण संध्याकाळी तेच राहत नाही.

अर्क

गारगोटी, सरळ रेषेबद्दल थोडी हरकत. तुमच्या जोडीला ते चालतं. ग्लिसरीन-पाणी किंवा अल्कोहोल-पाणी यांत मिसळताना आकारमानच आकसतं, तिथे रेषा वाकते. हिशेब फक्त सुरुवातीसाठी. मिसळल्यावर मोजायचंच.

गारगोटी

बरोबर, मोजल्याशिवाय आम्हीही बाटलीवर चिठ्ठी लावत नाही. चिठ्ठीवर तापमान आणि तारीखही लिहितो.

कवडसा

पण काचेचाच अपवर्तनांक माहीत नसेल तर? माझ्याकडे जुन्या यंत्रातून काढलेली भिंगं आहेत, कसल्या काचेची आहेत काहीच ठाऊक नाही.

गारगोटी

कडेचा एखादा टवका मिळाला तर बेकची रेषा बघा. ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञ फ्रिड्रिश बेक यांची ही रीत, १८९० च्या दशकातली. काचेचा कण द्रवाच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली घ्या, प्रकाशाची झडप लहान करा. कणाच्या कडेला उजळ रेघ दिसेल. आता नळी वर घ्या किंवा मंच खाली करा. रेघ ज्याचा अपवर्तनांक जास्त त्याच्याकडे सरकते. कणात शिरली तर काच वरचढ, द्रवात गेली तर द्रव. वेगवेगळे द्रव बदलत गेलात की एका जागी रेघ नाहीशी होते, तिथे काच सापडली.

पाटीपेन्सिल

अख्ख्या भिंगाचा टवका काढायला कुणाचा हात धजावेल? कवडसा, भिंग न फोडताही जमतं. हवेत नाभीय अंतर मोज, मग भिंग पाण्यात बुडवून पाण्याच्या आतच नाभीय अंतर मोज. पातळ भिंगासाठी दोन्हींचं गुणोत्तर (न − १) भागिले (न/१.३३३ − १) इतकं येतं. इथे न म्हणजे काचेचा अपवर्तनांक. १.५१७ च्या क्राऊनला हे गुणोत्तर सुमारे ३.७५ येतं, १.६२० च्या फ्लिंटला २.८८. क्राऊन की फ्लिंट, इतका फरक साध्या मोजपट्टीनेही कळतो. वक्रता मोजावीच लागत नाही, कारण गुणोत्तरात ती आपोआप निघून जाते. हे मुलांना फळ्यावर करून दाखवताना मला दरवेळी नव्याने आनंद होतो.

एक काळजी घे. जोडभिंग असेल तर गुणोत्तर फसवेल, आणि दोन काचांमधला डिंक काही द्रवांत विरघळतो. त्यामुळे जोडभिंग सेंद्रिय द्रवात बुडवू नको.

भिंगरी

एक शंका. काल नमुन्यासाठी एक छोटा तुकडा जुळवलेल्या मिश्रणात टाकला. तो दिसेनासा होईल असं वाटलं होतं, पण कडेला एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने नारिंगी झाक दिसते. मिश्रण चुकलं का?

तिरीप

चुकलं नाही, उलट फार जवळ आला आहात! रंग दिसतात ते याचंच लक्षण.

द्रवांचं अपस्करण काचेपेक्षा जास्त असतं. म्हणजे निळ्यापासून लाल रंगापर्यंत द्रवाचा अपवर्तनांक काचेपेक्षा भराभर उतरतो. दोन वक्र एकाच ठिकाणी छेदतात, म्हणून जुळणीही एकाच रंगाला होते. त्या रंगाच्या एका बाजूला द्रव वरचढ, दुसऱ्या बाजूला काच, आणि तीच झाक तुम्हाला दिसली.

डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्टियन ख्रिस्टियान्सन यांनी १८८४ मध्ये यावरच सुंदर प्रयोग केला. काचेची पूड द्रवात भरली की ज्या रंगाला जुळणी होते तेवढाच रंग सरळ आरपार जातो, बाकीचे विखुरतात. कुठलंही रंगद्रव्य नसताना बाटली रंगीत दिसते, आणि गरम केली की रंग बदलत जातो, कारण द्रवाचा आकडा घसरतो. एकदा बघाच, मी तासभर बाटली खिडकीशी धरून बसले होते.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर परीक्षा एका रंगाच्या प्रकाशात घ्या आणि जुळणीही त्याच रंगात करा. बोरोसिलिकेट क्राऊनची नेहमीची काच पिवळ्यात १.५१६८ असते, तर हीलियम-निऑन लेसरच्या लाल प्रकाशात १.५१५१. पिवळ्याचा आकडा धरून लाल लेसरने बघत बसलात तर तिसरं स्थळ तिथेच हातातून गेलं.

ध्रुवतारा

यावरून आठवलं. सूक्ष्मदर्शकाचं इमर्शन तेल (भिंग आणि नमुन्याच्या काचेमध्ये घालतात ते) वापरून बघा. ते हिरव्या प्रकाशात २३ अंशांना १.५१८ असं प्रमाणित असतं, आणि ही क्राऊन हिरव्यात १.५१८७. म्हणजे फरक ०.००१ च्याही आत, काही न मिसळता. दोन तोंडांवर पातळ थर द्यायला थोडंसंच तेल लागतं. लाल लेसरमध्ये फरक अंदाजे ०.००२ पर्यंत वाढतो, पण शिरांना तेवढं चालेल. फक्त जुन्या, वारशात आलेल्या बाटल्या वापरू नका. पूर्वीच्या काही तेलांत पीसीबी ही घातक रसायनं असत.

भिंगरी

अरेच्चा, इतकं सोपं उत्तर समोरच होतं तर! पण मिश्रण आता केलंच आहे. ते मोजायचं कसं? अपवर्तनांकमापक नाही माझ्याकडे.

पाटीपेन्सिल

तीन काचपट्ट्यांचा ६० अंशांचा पोकळ लोलक कर आणि त्यात द्रव भर. लेसरचा किरण सोड, लोलक हळूहळू फिरव. भिंतीवरचा ठिपका एका जागी थांबून उलटा फिरतो, तिथे विचलन सर्वांत कमी. १.५१७ ला ते ३८.७ अंश येतं, पाण्याला २३.६. ठिपका ०.१ अंशाने सरकला की अपवर्तनांक सुमारे ०.००१ ने बदलतो, आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर ०.१ अंश म्हणजे ५ मिमी. ते डोळ्यांना सहज दिसतं. आधी लोलकात पाणी भरून पडताळा घे, म्हणजे कोनातली चूक लगेच पकडता येईल. पट्ट्या चिकटवायला काय वापरतेस ते मात्र अर्क यांना विचार, द्रवाने डिंक सुटायला नको.

अर्क

इपॉक्सी, पूर्ण सुकल्यावर. आणि काम झाल्यावर लोलक लगेच रिकामा करा.

टिंबटिंब

माझ्याकडूनही एक अनुभव. ग्लिसरीन उघडं ठेवलं तर हवेतलं पाणी ओढून घेतं. गेल्या पावसाळ्यात माझं झाकण सैल राहिलं आणि महिन्याभरात १.४७३ चं १.४५ झालं. आधी मला वाटलं काचच बदलली.

अर्क

फार मोलाची नोंद. डायआयोडोमिथेनचंही असंच, पण कारण वेगळं. उजेडाने त्यातून आयोडीन सुटतं आणि द्रव तपकिरी होतो. बाटलीत तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवतात, तो आयोडीन धरून ठेवतो.

भिंगरी

दोन आठवड्यांनी परत आले आहे.

लोलकाने मोजलं तर माझं मिश्रण लाल लेसरमध्ये १.५१८ निघालं, हवं होतं १.५१५. पॅराफिन थोडं थोडं वाढवून तिथवर आणलं. तोंडं सपाट होती, म्हणून तिरीपताईंच्या सांगण्याप्रमाणे दोन काचा लावल्या. आधी त्याच दोन काचा एकमेकींना मिश्रणाने चिकटवून नुसत्याच बघितल्या, म्हणजे त्यांचे दोष नंतर चकतीच्या माथी नकोत. पहिल्यांदा हवेचे बुडबुडे अडकले. मग मिश्रण किंचित कोमट करून मधोमध ओतलं आणि काच एका कडेवरून अलगद टेकवली, तेव्हा थर एकसारखा पसरला.

आणि चकती उघडली! जी दुधाळ होती तिच्यातून पलीकडची अक्षरं वाचता आली. पोलरॉइडमध्ये मधोमध काळा क्रॉस आणि कडेला अगदी मंद उजळपणा दिसतो, चारी बाजूंनी सारखा. शिरांसाठी दूरच्या बारीक उजेडाच्या ठिपक्यासमोर धरली तर एक केसासारखी रेघ दिसली, कडेपासून १२ मिमीवर, साधारण ३० मिमी लांब. चकती फिरवली, रेघही फिरली. मधला भाग स्वच्छ आहे.

आता काय करू? चकती टाकून देऊ का? आणि पुढे घासायचं असेल तर खड्ड्यांत शिरलेलं तेल कसं काढू?

ध्रुवतारा

टाकू नका! चारी बाजूंनी सारखा मंद क्रॉस म्हणजे काच सावकाश आणि सारखी थंड झाली आहे. वेडावाकडा, एकीकडे झुकलेला असता तर मीच नको म्हटलं असतं. शीर कडेजवळ आहे, घडवताना कड अशीही थोडी जाते. भिंग पूर्ण झाल्यावर कडेने १५ मिमी झाकणारी कडी बसवलीत तरी १२० मिमीचं स्वच्छ तोंड उरतं. फक्त काचा सुटण्याआधी शिरेची जागा चकतीच्या कडेवर, बाहेरच्या बाजूला, हिऱ्याच्या टोकाने बारीक ओरखडून ठेवा. तेल पुसलं की चकती पुन्हा दुधाळ होईल आणि ती रेघ सापडणार नाही.

अर्क

काचा ओढून वेगळ्या करू नका, बाजूला सरकवत सोडवा. आधी कोरड्या कागदाने जितकं निघेल तितकं टिपून घ्या, चोळू नका. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोनदा, मऊ ब्रशने, म्हणजे खड्ड्यांतलं वर येईल. शेवटी कोमट साबणाचं पाणी आणि भरपूर साधं पाणी. पाणी सगळीकडे एकसारखं पसरलं तर काच स्वच्छ झाली. कुठे थेंब गोळा होत असतील तर तिथे अजून तेल आहे, परत अल्कोहोल. ब्रोमोनॅफ्थलीन आहे म्हणून हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ते कागद बंद डब्यात टाका.

भिंगरी

ओरखडा काढून झाला. आता काचा सरकवायला घेते.